"फाडफाड बोलतो की इंग्रजी, मग अजून इंग्रजीचा वेगळा तास कशाला?" – सॅक्रामेंटोच्या शाळांमधली रशियन बोलणारी मुलं आणि त्यांचे आईबाप

मार्च 2025 मध्ये इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असं ट्रम्प यांनी आदेश काढून जाहीर केलं, आणि त्याच आदेशात क्लिंटनच्या काळातला 2000 सालचा एक जुना आदेश रद्द केला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्या माणसांना समजेल अशी सोय करावी, असा तो आदेश होता. मग ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याने शाळांसाठी 2015 साली काढलेलं लांबलचक मार्गदर्शक पत्रही मागे घेतलं. तेव्हापासून पुण्यातल्या मावशीपासून इथल्या मराठी मंडळातल्या काकांपर्यंत सगळे मला एकच विचारतात, की मग आता तुझी नोकरी गेली का?

नाही गेली. मी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळच्या एका सरकारी शाळेत घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि माझ्या वर्गात रशियन बोलणारी मुलं भरपूर आहेत. लोकांना या कामाबद्दल खूप गैरसमज आहेत, बातमीमुळे त्यात भर पडली, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

कायदा काय आहे आणि आदेश काय आहे

राष्ट्राध्यक्षाचा आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष पुसू शकतो, पण कायदा आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल तसा पुसता येत नाही. आमचं काम उभं आहे ते 1974 च्या लाऊ विरुद्ध निकोल्स या निकालावर. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी घरातली साधारण 1,800 मुलं होती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यांच्यासाठी वेगळं काहीच करत नव्हती. शाळेचं म्हणणं, की आम्ही सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक देतो, मग भेदभाव कुठला. कोर्टाने एकमताने सांगितलं, की ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नाही. त्याच वर्षी संसदेने समान शिक्षणसंधीचा कायदा केला, त्यातही शाळेने भाषेची अडचण दूर करायची असं स्पष्ट लिहिलंय. हे दोन्ही आजही जागेवर आहेत. मागे घेतलं गेलं ते हे कायदे कसे पाळायचे हे सांगणारं पत्र, आणि त्यानेही फरक पडतो बरं का, कारण वरून कोणी विचारणार नाही असं दिसलं की काही शाळा हात आखडता घेतात, ते कुठल्याही देशात तसंच.

रशियन बोलणारा म्हणजे रशियाचाच असं नाही

सॅक्रामेंटोत हे लोक आले कसे? 1980 च्या दशकाच्या शेवटी गोर्बाचेव्हच्या काळात सोव्हिएत युनियनने दारं थोडी उघडली, आणि 1989 च्या लाउटेनबर्ग दुरुस्तीने अमेरिकेने तिथल्या ज्यू आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांना निर्वासित म्हणून येणं सोपं केलं. ज्यू कुटुंबं बरीचशी न्यूयॉर्कला गेली, तिथल्या ब्रायटन बीच या भागाला "लिटल ओडेसा" म्हणतात ते त्यामुळेच. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल या इव्हँजेलिकल पंथांची कुटुंबं मोठ्या संख्येने इकडे आली. इथून रशियन भाषेत ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रम व्हायचे, ते तिकडे लोक ऐकायचे, त्यामुळे गावाचं नाव माहीत होतं. एक चर्च आलं की त्याच्या मागे दुसरं, भावामागे बहीण, असं करत करत मोठी वस्ती झाली. आठ-दहा मुलांची घरं इथे कोणाला नवलाची वाटत नाहीत.

या वस्तीत रशियाचे लोक आहेतच, पण युक्रेन, मोल्दोव्हा, बेलारूस, कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान असे सगळीकडचे आहेत. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने "युनायटिंग फॉर युक्रेन" ही योजना आणली, इथल्या नातेवाइकांनी जबाबदारी घेतली की तिकडच्यांना तात्पुरतं येता यायचं. खारकीव्ह, ओडेसा, मारियुपोल इथल्या बऱ्याच घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रशियन बोलतात. पण युद्धानंतर त्यातल्या काहींनी रशियन बोलायचं सोडलंय, काहींना रशियन दुभाषी बसवला तर राग येतो, काहींना काहीच वाटत नाही. ऑफिसातल्या माणसाने नाव बघून "रशियन" अशी खूण केली तर पहिल्याच दिवशी घोळ होतो. म्हणून साधा नियम: कुठल्या भाषेत बोलू आणि कुठल्या भाषेत कागद पाठवू हे त्यांनाच विचारायचं, आणि दोन्ही वेगवेगळं विचारायचं, कारण उत्तरं वेगळी येऊ शकतात.

फॉर्मवर घरची भाषा लिहिली की काय होतं

शाळेत नाव घालताना एक छोटा फॉर्म भरतात, होम लँग्वेज सर्व्हे. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोलायला शिकलं, घरी जास्त कुठली बोलतं, आईबाप त्याच्याशी कुठली बोलतात, घरातली मोठी माणसं आपसात कुठली बोलतात. कॅलिफोर्नियात पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर इंग्रजी सोडून असलं की 30 दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची परीक्षा होते. त्यात कमी पडला तर तो "इंग्लिश लर्नर", आम्ही नुसतं ईएल म्हणतो. मग त्याला इंग्रजीचा वेगळा तास मिळतो आणि ईएलच्या यादीतून बाहेर पडेपर्यंत दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. देशभरात अशी 53 लाखांच्या आसपास मुलं आहेत, म्हणजे सरकारी शाळांमधलं साधारण दहातलं एक. त्यातली तीन चतुर्थांश स्पॅनिश घरांतली, पण रशियन पहिल्या दहा भाषांमध्ये येते.

इथे आपली मंडळी कान टवकारतात. हाच फॉर्म मराठी घरात येतो, आई प्रामाणिकपणे "मराठी" लिहिते आणि मग पोराची परीक्षा घेतली म्हणून घरात आकाशपाताळ एक होतं, "आमच्या मुलाला इंग्रजी येत नाही असं वाटलंच कसं त्यांना?" मग सल्ला फिरतो, की सरळ "इंग्लिश" लिहा आणि मोकळे व्हा. रशियन बोलणाऱ्या घरांतही अगदी हाच सल्ला फिरतो, फक्त कारण वेगळं. आपल्याकडे इज्जतीचा प्रश्न असतो, त्यांच्याकडे भीती असते की सरकारी कागदावर शिक्का बसला की जन्मभर चिकटणार. माझं मत विचाराल तर खरं ते लिहा. येत असेल तर मूल परीक्षा पास होतं आणि विषय संपतो, नसेल येत तर फुकटची मदत आपण कशाला घालवायची? आणि वेगळा तास नकोच असेल तर आईबाप लेखी नकार देऊ शकतात, वार्षिक परीक्षा मात्र तेव्हाही द्यावी लागते.

"लहान मुलं काय, सहा महिन्यांत शिकतात आपोआप"

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आणि अर्धं खरंच आहे. डब्याच्या सुट्टीत, बसमध्ये, फुटबॉल खेळताना लागणारं इंग्रजी मुलं खरंच पटकन उचलतात. पण कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी 1970-80 च्या दशकात दाखवून दिलं, की बोलण्याचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं आणि अभ्यासाचं इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकं यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे दोन वेगळे प्रकार आहेत. मराठी फाडफाड बोलणारा, बाजारात घासाघीस करणारा माणूस तलाठ्याकडचा सातबारा आणि फेरफार हातात आला की कसा थबकतो, शब्द सगळे मराठीच पण बोध काही होत नाही, तसं या मुलांचं सायन्सच्या पुस्तकापुढे होतं.

गणितात हे लख्ख दिसतं. तिकडून आलेली मुलं आकडेमोडीत बरेचदा इथल्या मुलांच्या पुढे असतात. पण त्यांच्याकडे दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम, भागाकाराची खूण म्हणजे दोन टिंबं, आणि मोठा भागाकार मांडताना भाजक उजवीकडे, त्यामुळे वही बघून शिक्षकाला वाटतं की पोराला काही येतच नाही. आणि शब्दांतलं गणित आलं की उलटं, गणित येतं पण "कितीने जास्त" विचारलंय की "किती पट" विचारलंय हेच कळत नाही. म्हणून आता इंग्रजीचा तास नुसता व्याकरणाचा नसतो, त्याच आठवड्याचा सायन्सचा धडा, इतिहासाचा नकाशा, गणिताचं उदाहरण घेऊन त्यातली भाषा सोडवून दाखवायची असते.

त्यांच्या चुका कुठून येतात, आणि मराठी बाईला त्या का ओळखू येतात

हा माझा आवडता भाग म्हणून जरा रेंगाळते.

पहिलं लिपीचं. रशियन लिपीत इंग्रजी बी सारखं दिसणारं अक्षर "व" असतं, पी सारखं "र", एच सारखं "न", सी सारखं "स". सहा-सात वर्षांचं मूल तिकडे वाचायला शिकून आलं असेल तर त्याच्या डोक्यात ही जोडी पक्की बसलेली असते, त्यामुळे ते अक्षर ओळखतं आणि चुकीचंच वाचतं. एकही ओळखीचं अक्षर नसतं तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

मग आवाज. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटचं घोष व्यंजन अघोष होतं, त्यामुळे "बॅग" चं "बॅक" आणि "बेड" चं "बेट" होतं. "ह" नाही, जवळचा "ख" आहे, म्हणून "हॅलो" चं "खेलो". व्ही आणि डब्ल्यू यांच्यात फरक ऐकू येत नाही, आणि इथे मी गप्प बसते कारण तो आपल्यालाही नीट येत नाही.

व्याकरणात "ए, ॲन, द" हा प्रकार रशियनमध्ये नाही, मराठीतही नाही, त्यामुळे ते कुठे लावायचं आणि कुठे नाही हे अमेरिकन शिक्षक "कानाला बरोबर लागतं ते" असं सांगतात, ज्याचा या मुलांना काडीचा उपयोग नाही. मला ते नियमाने शिकावं लागलं होतं, म्हणून मी नियमाने सांगू शकते. वर्तमानकाळातलं "आहे" रशियनमध्ये गळतं, "मी विद्यार्थी" म्हटलं की झालं, म्हणून "शी माय सिस्टर" असं वाक्य येतं. आणि लिंगं मराठीसारखीच तीन, वस्तूंनाही असतात, पुस्तक त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून पुस्तकाला "शी" म्हणणारी मुलं भेटतात. हे सगळं माहीत असलं की वही तपासताना लाल पेनाने सगळंच रंगवावं लागत नाही, कुठली चूक घरच्या भाषेतून आलीये आणि कुठली नुसत्या घाईतून, ते कळतं.

अजून एक, जे व्याकरणात मोडत नाही. रशियनमध्ये "द्या" ला "प्लीज" जोडलं की विनंती पुरेशी सभ्य होते. इंग्रजीत "गिव्ह मी अ पेन, प्लीज" सपाट आवाजात म्हटलं की अमेरिकन कानाला हुकूम वाटतो. त्यात अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची पद्धत तिकडे नाही. एवढ्यावरून मुलाला "उद्धट" ठरवून टाकलेलं मी पाहिलंय, तेव्हा "कुड आय हॅव" वगैरे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते, भूतकाळ नंतर येऊ दे.

घरच्यांना मदत म्हणजे काय करायचं असतं

लोकांना वाटतं कुटुंबाला मदत म्हणजे जुने कपडे आणि नाताळच्या भेटी. खरी अडचण शाळेच्या कागदांची असते.

उदाहरणार्थ, तिकडे मार्क 5 पैकी असतात, 5 म्हणजे उत्तम, 3 म्हणजे जेमतेम, 2 म्हणजे नापास. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत प्रगतिपुस्तक 1 ते 4 वर असतं आणि 3 म्हणजे "इयत्तेला जेवढं यायला हवं तेवढं येतंय". आई बघते सगळीकडे 3, घरी रडारड, मुलाला शिक्षा. शाळेला पत्ताच नाही की आपण चांगली बातमी पाठवली होती. युक्रेनहून आलेल्यांची गोष्ट अजून निराळी, तिकडे 12 पैकी मार्क.

नावांचा घोळ तर आपल्याला लगेच कळेल. त्यांच्याकडे आपल्यासारखंच वडिलांचं नाव मधे लागतं, आणि इथला कॉम्प्युटर त्याला मिडल नेम समजून कधी गिळतो कधी आडनावाला चिकटवतो. त्यात बाई असली की आडनाव बदलतं, भाऊ पेत्रोव्ह तर बहीण पेत्रोव्हा, आणि ऑफिसात दोघांची दोन कुटुंबं करून ठेवतात, मग एकाच्या फाइलमध्ये फोन नंबर असतो आणि दुसरीच्या नसतो. पासपोर्ट युक्रेनचा असेल तर नाव ओलेक्सांद्र, घरी सगळे म्हणतात अलेक्सांद्र किंवा साशा, शिक्षिकेला वाटतं तीन मुलं आहेत.

आणि ती गैरहजेरीची पत्रं. तिकडे मुलाला सर्दी झाली की घरी ठेवणं हेच चांगल्या आईचं लक्षण. इथे कॅलिफोर्नियात शाळेला न कळवता तीन दिवस दांडी झाली, किंवा तीनदा अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला, की कायद्याने ते मूल "ट्रुअंट", म्हणजे दांडीबहाद्दर, आणि घरी छापील पत्र जातं, ज्यात आईबापांवर खटल्याची शक्यताही लिहिलेली असते. कॉम्प्युटरने आपोआप काढलेलं पत्र, पण ज्यांच्या आईवडिलांनी सोव्हिएत काळात धर्मापायी पोलिसांचा ससेमिरा भोगलाय त्यांच्या हातात ते पडलं की काय होत असेल विचार करा. एक फोन करून "मुलगा आजारी आहे" एवढं कळवलं की गैरहजेरी माफ होते. हे सांगायला शाळेत त्यांच्या भाषेचं कोणीतरी असावं लागतं.

"स्पेशल एज्युकेशन", म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीची खास मदत, हा शब्द तर फार जपून वापरावा लागतो. सोव्हिएत पद्धतीत अडचण असलेल्या मुलांना वेगळ्या शाळांत पाठवायचे, तिथून परत मुख्य प्रवाहात येणं अवघड. त्यामुळे इथे नुसतं उच्चारासाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास मदत देऊ म्हटलं तरी बाप उठून निघून जातो. यात कायदा पक्का आहे: अशा मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करावी लागते, मीटिंगला दुभाषी द्यावा लागतो, आणि आईबापांची सही असल्याशिवाय काही सुरू होत नाही. हे तिन्ही आधी सांगितलं की निम्मा ताण उतरतो.

"पोरगंच करेल की भाषांतर"

करतं, आणि नको तितकं करतं. बारा वर्षांची मुलगी आईबरोबर डॉक्टरकडे, बँकेत, घरमालकाकडे जाते आणि वर स्वतःच्याच पालकसभेत दुभाषी होते. तिथे ती "गृहपाठ करत नाही" या वाक्याचं भाषांतर काय करेल हे सांगायला नको, पण गंमत सोडा, घरातलं वजन उलटं होतं, बापाला मुलीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. शाळेने मुलांना दुभाषी करू नये, हे माझं ठाम मत आहे. फोनवरचे दुभाषी मिळतात, ते वापरावेत. फोनमधलं ॲप "उद्या सुट्टी आहे" एवढ्यापुरतं ठीक, मुलाच्या तपासणीच्या अहवालाला चालत नाही.

"मग घरीच इंग्रजी बोलायला सांगा ना"

चांगल्या मनाचे शिक्षकसुद्धा हा सल्ला देतात आणि त्याने नुकसान होतं. आईला इंग्रजीची पन्नास वाक्यं येतात, रशियनमध्ये ती मुलाला भांडण का झालं, आजी का रडते, चंद्र कमी-जास्त का होतो हे सगळं समजावू शकते. ते सगळं सोडून ती पन्नास वाक्यांत आई होणार का? शिवाय एका भाषेत वाचायला येत असलं की दुसऱ्या भाषेत वाचणं सोपं जातं, कारण वाचून अर्थ लावायची सवय पुन्हा शिकावी लागत नाही. इथल्या स्लाव्हिक चर्चमध्ये शनिवार-रविवारी रशियन वाचन-लेखनाचे वर्ग भरतात, आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात तसेच. आणि कॅलिफोर्नियात 2011 च्या कायद्याने बारावीच्या सर्टिफिकेटवर दोन भाषा येत असल्याचा शिक्का मिळतो, स्टेट सील ऑफ बायलिटरसी, तो रशियनसाठीही मिळतो. कॉलेजच्या अर्जात तो शोभून दिसतो हे कळल्यावर पोरंही चर्चच्या वर्गाला कुरकुर कमी करतात.

"यांच्यावर खर्च कशाला?"

यासाठी केंद्राचा जो खास निधी आहे, टायटल थ्री, तो वर्षाला 89 कोटी डॉलरच्या आसपास. 53 लाख मुलांत वाटला तर डोक्यामागे पावणेदोनशे डॉलरसुद्धा होत नाहीत. बाकीचा भार स्टेट आणि स्थानिक शाळा उचलतात. 2026 च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तर हा निधी शून्य करायचं म्हटलं होतं. "आमच्या आजोबांना कोणी शिकवलं होतं?" असंही इथे लोक म्हणतात. नव्हतं शिकवलं हे खरंय, पण आजोबांच्या काळात आठवी सोडून गिरणीत किंवा शेतावर नोकरी मिळायची.

सोळाव्या-सतराव्या वर्षी आलेल्यांचं काय

लहानांपेक्षा यांची काळजी जास्त वाटते. रशिया आणि युक्रेनमध्ये शाळा अकरावीला संपत आलीये, इथे बारावीपर्यंत. सतरा वर्षांचा मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात इंग्रजी शिकायला पाच-सात वर्षं नसतात, दीड-दोन असतात, आणि तेवढ्यात क्रेडिटही, म्हणजे शाळा पूर्ण करायला विषयवार लागणारे गुणांक, भरायचे असतात. काहीजण दिवसा इथली शाळा करून युक्रेनची शाळा ऑनलाइन चालू ठेवतात, तिकडचं सर्टिफिकेट हातचं जाऊ नये म्हणून, आणि मग पहिल्या तासाला झोपतात. त्यांना आळशी म्हणायच्या आधी हे विचारून बघावं.

इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तिकडचा मार्कांचा कागद. त्याचं भाषांतर करून काउन्सेलरला दिलं तर तिकडचं बीजगणित, रसायनशास्त्र, परकी भाषा हे सगळं क्रेडिट म्हणून धरता येतं. रशियन किंवा युक्रेनियनचेही परकी भाषा म्हणून क्रेडिट मागता येतात. शिवाय कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या नवागत मुलांना, स्टेटच्या किमान अटी पूर्ण केल्या तर, स्थानिक बोर्डाच्या जादा अटींमधून सूट मिळू शकते. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं आणि मूल दहावीचं गणित दुसऱ्यांदा करत बसतं. त्यामुळे नवीन कुटुंब ऑफिसात आलं की मी इंग्रजी किती येतं ते नंतर विचारते, आधी विचारते, कागद आणलाय का, आणि नसेल तर तिकडच्या शाळेतून फोटो मागवता येईल का.